धोंडी कोणी काढायची?

मंडळी, नमस्कार. अमेरिकेतल्या आपल्या या गणपतीत आरती आणि जेवण यांच्या मधल्या वेळात मला उभं केलंय, तेव्हा तुमचं लक्ष कुठे आहे ते मला ठाऊक आहे.

माझं गाव दर्यापूर तालुक्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा असा हा पट्टा पसरलाय. विहिरीला पाणी लागतं, पण खारट. पिकाला दिलं तर जमीनच बिघडते. म्हणून सगळी भिस्त वरच्या पाण्यावर. पेरणीनंतर उघडीप पूर्वीही पडायचीच. आता ती लांबली की दुबार पेरणी, आणि पुढे महिन्याचा पाऊस दोन दिवसांत कोसळला की काळ्या मातीत पाणी साचून सोयाबीन पिवळं पडतं. हवा एक अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरून ठेवते. ते कुठे तरी एकदम रितं होणारच.

उघडीप लांबली की आमच्याकडे धोंडी काढतात. मुसळाला बेडूक बांधायचा, वर कडुनिंबाचा पाला. पोरं दारोदार फिरतात, बाया तांब्याभर पाणी ओततात, कोणी पसाभर धान्य घालतं. मला याची चेष्टा करायची नाही, बेडकाची दया येते एवढंच. खटकतं ते वेगळं. ज्याचं पीक वाळलं तोच देवापुढे हात जोडून माफी मागतोय! पारावरचे म्हातारे म्हणतात, "पाप वाढलं बावा, देवाच्या मनात असन तसं होइन."

पाप कोणाचं, हे तरी विचारूया. हवा तापवणारा कार्बन डायऑक्साइड इथे अमेरिकेत माणशी वर्षाला सुमारे १४ टन हवेत जातो, भारतात सुमारे २ टन. त्या २ टनांच्या सरासरीत मुंबई-पुण्याचे एसीही आले आणि बैलजोडीवर शेती करणारा आमचा शेजारीही आला. आपली विमानाची एक मुंबई-वारी जवळजवळ त्याच सरासरीला जाऊन भिडते. आईला भेटायला जाऊ नका, असं मी म्हणणार नाही, मीही जातो. आणि सगळं अमेरिकेवर ढकलायचंही कारण नाही. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट. तिथली वीज राज्यभर जाते, राख चंद्रपूरला उरते.

कोणी म्हणेल, आम्ही नोकरी केली, कर भरला, यात गुन्हा काय? गुन्हा नाहीच. पण बापाचं शेत सातबाऱ्यावर आपल्या नावे चढतं तेव्हा गावच्या सोसायटीच्या कर्जाचा बोजाही चढतो. ते कर्ज आपण काढलं नव्हतं म्हणून बँक सोडत नाही. १९९२च्या हवामान करारात देशांनी हेच मान्य केलं: जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही. २०१५ साली पॅरिसच्या हवामान परिषदेआधी पोपनी पत्रक काढलं, इस्तंबूलहून मुस्लिम अभ्यासकांनी काढलं, हिंदूंच्या वतीनेही निघालं. चांगली होती. आमच्या पारापर्यंत एकही पोचलं नाही.

तिथे पोचले होते ते गाडगेबाबा. त्यांचं शेंडगाव आमच्या शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यात. कीर्तनाला उभं राहण्याआधी ते हातात खराटा घेऊन गाव झाडायचे. आधी हात, मग नाम. देवळाला पैसे देण्यापेक्षा भुकेल्याला, तहानलेल्याला द्या, हे ते देवभोळ्या माणसांच्या तोंडावर सांगत, आणि माणसं ऐकत. आज आपण गावाला काय पाठवतो? सभामंडप. एका गावात मी पाहिलं, परदेशातून आलेल्या पैशांनी ग्रॅनाइट बसलं, देणगीदारांच्या नावांची पाटी लागली आणि कडुनिंबाच्या बुंध्याला टेकेपर्यंत सिमेंट ओतलं. झाडाला पाणी प्यायला वीतभर माती ठेवली नाही. सावली द्यायला तेच झाड होतं.

याउलट चंद्रपूर जिल्ह्यातलं पाचगाव. २०१२ साली त्यांना १००६ हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाने मिळून जंगल वापरायचा आणि राखायचा हक्क, मिळाला. बांबूतून उत्पन्न सुरू झालं. बिडीच्या तेंदूपानातही पैसा होता, पण त्यासाठी फांद्या छाटतात, जंगलाला आगी लावतात, म्हणून ग्रामसभेने तेंदू तोडणंच बंद केलं. गरीब माणसांनी बसून, बोलून पैसा सोडला. धर्म म्हणजे काय, असं कोणी विचारलं तर मी आधी हे सांगेन.

तर माझी मागणी अशी. यंदाच्या गणपतीच्या वर्गणीतला अर्धा वाटा आपल्या गावांच्या पाण्यासाठी काढूया. खारपाणपट्ट्यात शेततळी, बांधबंदिस्ती; पूर्व विदर्भात जुन्या मालगुजारी गावतलावांतला गाळ काढणं. काय करायचं ते आपण इथे बसून ठरवायचं नाही, ग्रामसभेने ठराव करून कळवायचं. नावाची पाटी लावायची नाही. आणि इथे आपापल्या घरातलं वीज-इंधन जाळणं कमी करायचं, ते वर्गणी दिली म्हणून माफ होत नाही.

दाराशी टेबलावर वही ठेवलीय. गावाचं नाव लिहा, ग्रामसभेत जाणाऱ्या कोणाचा तरी फोन लिहा, बायांपैकी असेल तर उत्तम. मग जेवायला बसा.