घोरपडीला फिरायला नेणारी जोन प्रॉक्टर

नमस्कार मंडळी. हिवाळ्यात सकाळच्या वेळी आपल्या बेळगावकडच्या जांबोटी, कणकुंबीकडं गेलात तर शेताचे बांध जरा बघत चला. जांभ्या दगडावर ऊन पडलं की धामण हळूच बिळातून बाहेर येते आणि अंग पसरून पडते, माणूस जवळ गेला तरी लगेच पळत नाही कारण अंगात तेवढी ताकदच आलेली नसते. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको, थंडीत किरडू सुस्तच असतंय. सापाला ऊब बाहेरून घ्यावी लागते, उन्हातून, तापलेल्या दगडातून. ती मिळाली नाही तर गिळलेलं पचत नाही, पोटातच कुजतं आणि साप मरतो.

आता हाच साप लंडनच्या धुक्यात आणि गारठ्यात, पिंजऱ्यात कोंडलेला आहे असं समजा. त्याला जगवायचं कसं, या एका प्रश्नावर जिनं आपलं सगळं डोकं लावलं त्या बाईची ही गोष्ट आहे. नाव जोन प्रॉक्टर.

जोनचा जन्म 1897 चा, लंडनचाच. घर खाऊनपिऊन सुखी, वडील शेअर बाजारात. दहा वर्षांची असताना तिच्याकडं साप आणि सरडे होते, त्यातला एक मोठा सरडा तर जेवायला बसतानाही सोबत. पुढं एक मगरीचं पिल्लू मिळालं, ते तिनं चक्क गणिताच्या तासाला वर्गात नेलं! पण तब्येत तिची लहानपणापासूनच नाजूक, आतड्याचा जुना आजार, पोटाची दुखणी, ऑपरेशनं, यातच केंब्रिजला शिकायला जायचं राहिलं ते राहिलंच. डिग्री नाही. पण ब्रिटिश म्युझियममध्ये जॉर्ज बूलेंजर म्हणून सरीसृपांचे, म्हणजे साप, सरडे, कासवं, मगरी यांचे, फार मोठे अभ्यासक होते, ज्यांनी त्या काळी जगभरातल्या सापांची, बेडकांची वर्गवारी लावली, त्यांनी या पोरीची नजर ओळखली आणि 1916 मध्ये तिला हाताखाली घेतलं. विशीतच तिचे पेपर छापून यायला लागले, बूलेंजर रिटायर झाल्यावर तिथलं काम तिनंच सांभाळलं, आणि 1923 मध्ये लंडन झूनं तिला सरीसृप विभागाची क्युरेटर, म्हणजे प्रमुख, केलं. या जागेवर आलेली ती पहिली बाई.

मला स्वतःला तिचं सगळ्यात मोठं काम वाटतं ते 1927 मध्ये उघडलेलं रेप्टाइल हाऊस, म्हणजे झूमधली सरीसृपांची इमारत. आर्किटेक्ट होते गाय डॉबर, पण आत काय कसं पाहिजे हे जोननं ठरवलं. आधी तिनं झूच्या अ‍ॅक्वेरियमसाठी दगडधोंड्यांची रचना करून दिली होती, तिथलीच एक युक्ती इथं वापरली: लोक उभे राहतात तो हॉल अंधारा ठेवायचा आणि उजेड फक्त प्राण्यांच्या बाजूला. म्हणजे माणसाला नीट दिसतं आणि काचेवर स्वतःचंच तोंड दिसत नाही. सगळ्या पिंजऱ्यांना एकसारखी ऊब नाही, वाळवंटातल्याला वेगळी, जंगलातल्याला वेगळी, आणि दगड विजेवर तापवलेले. आपल्या बांधावरचा जांभा दगड जे काम उन्हात करतो तेच तिनं लंडनमध्ये वायर टाकून करून घेतलं बघा! शिवाय काच. साध्या काचेतून उन्हातले अतिनील किरण आत येत नाहीत, आणि ते नसले की शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, हाडं ठिसूळ होतात, घोरपडीची, कासवाची पिल्लं वाकडी वाढतात. म्हणून हे किरण आत सोडणारी खास काच तिनं वापरली. त्या काळात हा विचारच नवा होता.

त्याच वर्षी तिथं दोन कोमोडो ड्रॅगन आले. कोमोडो म्हणजे आपल्या घोरपडीच्याच कुळातला, पण तीन मीटरपर्यंत वाढणारा, आणि विज्ञानाला त्याची ओळख होऊन तेव्हा जेमतेम पंधरा वर्षं झालेली, 1912 ची ती नोंद. लोकांच्या डोक्यात तो नुसता राक्षस होता. त्यातल्या सुंबावा नावाच्याचं तोंड दुखत होतं, जोननं त्याच्यावर उपचार केले, आणि तो तिला इतका सरावला की 1928 मध्ये झूलॉजिकल सोसायटीच्या सभेत कोमोडोवर पेपर वाचायला ती त्यालाच घेऊन गेली. समोर सगळे शास्त्रज्ञ बसलेले, आणि हा गडी तिच्या हातून कोंबडी, कबूतर, अंडी खात मोकळा फिरतोय. पट्टा लावून त्याला झूभर फिरवायची, वळवायचं असलं की शेपटीला धरायची. याचा एक चावा म्हणजे काय हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर ती त्याची मान, जीभ, चाल सारखी वाचत असायची. आपल्याकडं काही पोरं साप गळ्यात घालून रील करतात, त्याच्याशी याची गल्लत कृपा करून करू नका.

शेवटच्या वर्षांत तिला चालवेना, मग ती विजेवर चालणाऱ्या चाकांच्या खुर्चीत बसून झूमध्ये राउंड घ्यायची, आणि बाजूला सुंबावा. अजगर आजारी पडला, मगरीला काही झालं, की तपासायला, औषधपाणी करायला हीच. 1931 मध्ये शिकागो युनिव्हर्सिटीनं तिला मानद डॉक्टरेट दिली, कॉलेजात न गेलेल्या बाईला. आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती गेली. वय फक्त 34.

भुतरामहट्टीच्या आपल्या राणी चन्नम्मा झूला पोरं वाघ-सिंह बघायला पळतात, तो हट्ट पुरवाच, पण कुठल्याही झूत सापा-कासवांच्या पिंजऱ्यापुढं दोन मिनिटं थांबून पोरांना विचारा की याला ऊन कुठून मिळतं, ऊब कुठून मिळते. लंडनमध्ये तिनं उभी केलेली ती इमारत पुढं नव्वदहून जास्त वर्षं सरीसृपांचंच घर राहिली.