भिंतीवर लिहा

(लघु माहितीपटाचे निवेदन)

[दृश्य : प्राथमिक आरोग्य केंद्राची खिडकी. रांग. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेले घडीचे कागद.]

सरकारी दवाखान्यात पहिला प्रश्न दुखण्याबद्दल नसतो. "केसपेपर काढला का?" हा असतो. खिडकीपाशी नाव, वय, गाव सांगायचं, शिक्का मारून घ्यायचा आणि डॉक्टरांच्या खोलीबाहेर बाकावर बसायचं. नंबर लागला की डॉक्टर तपासतात, केसपेपरवर काही लिहितात. आणि कधी कधी केसपेपर परत देताना त्याच्याबरोबर आणखी एक चिठोरी हातात येते. तिच्यावर शिक्का नसतो, सही नसते. "एवढं औषध बाहेरून घ्या."

बाहेरून म्हणजे फाटकासमोरच्या मेडिकलमधून. दवाखाना फुकटचा, औषध विकतचं. दिवसाच्या मजुरीवर घर चालणाऱ्या बाईने ही चिठोरी घेऊन काय करायचं, हे कुठल्याच केसपेपरवर लिहिलेलं नसतं. ती बऱ्याचदा चिठोरी कनवटीला लावते आणि घरी जाते.

देशाचा आरोग्यावर होणारा एकूण खर्च घेतला, तर 2013-14 मध्ये दर 100 रुपयांतले 64 रुपये लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून भरले होते. 2021-22 च्या सरकारी हिशेबात हा आकडा 39 वर आला. घट मोठी आहे, ती नाकारायचं कारण नाही. पण सरासरीच्या आकड्याला शेळी विकावी लागत नाही.

[दृश्य : जुने कृष्णधवल फोटो. रेल्वेचा फलाट, कापडी फलक.]

1978 साली अल्मा आटा इथे जगभरच्या सरकारांनी शब्द दिला होता, सन 2000 पर्यंत सर्वांसाठी आरोग्य. 2000 साल उजाडलं, शब्द तसाच राहिला. त्या डिसेंबरात देशाच्या कानाकोपऱ्यांतून कार्यकर्ते रेल्वेने कोलकात्याला जमले. तिथून काही जण पुढे बांगलादेशातल्या सावर या गावी गेले. तिथल्या लोक आरोग्य सभेत त्यांनी सरकारांना त्यांच्याच वचनाची आठवण करून दिली. कोलकात्याच्या त्या जमण्यातून जन स्वास्थ्य अभियान उभं राहिलं. आपल्याकडे ते जन आरोग्य अभियान या नावाने ओळखलं जातं. त्यात डॉक्टर होते, आदिवासी संघटना होत्या, बायकांच्या संघटना होत्या. डॉ. अनंत फडके, डॉ. अभय शुक्ला यांच्यासारखी माणसं औषधांच्या किमती आणि रुग्णांचे हक्क यांवर सातत्याने लिहीत-बोलत राहिली. पण लिहिणाऱ्यांना एक गोष्ट चांगली ठाऊक होती. पुण्यात बसून लिहिलेल्या लेखाने मोखाड्यासारख्या आदिवासी तालुक्यातल्या दवाखान्याचं कुलूप उघडत नाही.

संधी आली 2005 मध्ये. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि सरकारी कागदातच एक वेगळं कलम आलं, आरोग्यसेवेवर लोकांनी देखरेख ठेवावी. 2007 मध्ये नऊ राज्यांत त्याचा प्रयोग झाला. महाराष्ट्रात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांपासून सुरुवात झाली. नाव जरा जडच होतं, 'लोकाधारित देखरेख'. गावातल्या लोकांनी त्याचा सोपा अर्थ लावला : आजवर डॉक्टर आपल्याला तपासत होते, आता आपण दवाखाना तपासायचा.

[दृश्य : समाजमंदिर. जमिनीवर पसरलेला मोठा कागद, हिरव्या-पिवळ्या-लाल टिकल्या.]

तपासायचं कसं? गावात बैठक बसते. आशाताई असतात, अंगणवाडीच्या बाई असतात, सरपंच उशिरा येतात. मधोमध एक मोठा तक्ता. नर्सबाई गावात ठरल्या दिवशी येतात का? लसीकरण होतं का? बाळंतपणाला गेलेल्या बाईकडून कुणी पैसे मागितले का? जननी सुरक्षा योजनेचे 700 रुपये मिळाले का? बाहेरची चिठ्ठी दिली का? प्रत्येक प्रश्नापुढे रंग भरायचा. चांगलं असेल तर हिरवा, बरं-वाईट असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही हा तक्ता लांबून वाचता येतो. शाळेत पोरांचं प्रगतिपुस्तक असतं, तसं हे दवाखान्याचं.

या तक्त्यापाशी भांडणंही होतात. सिस्टर चांगली आहे, रात्री-अपरात्री धावून येते, तिच्या नावापुढे लाल कसा भरायचा? मग कुणीतरी समजावतं, लाल सिस्टरला नाही, उपकेंद्राला आहे. नियमाने डोंगराळ आणि आदिवासी भागात 3,000 लोकांमागे एक उपकेंद्र हवं, 20,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हवं. सिस्टर एकटी आणि पाडे आठ-दहा, ओढ्यांपलीकडे विखुरलेले. ती तरी कुठे कुठे पुरणार? हा हिशेब बैठकीत पहिल्यांदा उघड बोलला जातो. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला सगळ्यात मोलाचा भाग हा तक्ताच होता. त्याने तक्रारीचं माप तयार झालं. तोवर "दवाखाना बेकार आहे" एवढंच म्हणता येत होतं. आता किती बेकार, कुठे बेकार आणि कोणामुळे, हे बोट ठेवून दाखवता येऊ लागलं.

[दृश्य : मांडव. एका बाजूला सतरंजीवर लोक, समोर खुर्च्यांवर अधिकारी.]

तक्ते जमले की जनसुनवाई. मांडव बहुधा आरोग्य केंद्राच्याच आवारात. समोर तालुका आरोग्य अधिकारी, वैद्यकीय अधिकारी, पंचायत समितीची मंडळी. शेजारी पंच म्हणून एखादा वकील, एखादा पत्रकार, बाहेरगावचा डॉक्टर. आणि माइक गावकऱ्यांच्या हातात.

माइक हातात आला की माणूस आधी गप्प होतो. मग एक बाई उठते, पदर सावरते आणि कनवटीची चिठोरी काढून टेबलावर ठेवते. भाषण करत नाही. "ही तुमच्या दवाखान्याची चिठ्ठी. हे औषध आत का नव्हतं?" एवढंच विचारते. अधिकाऱ्यांना मोर्च्याची सवय असते, घोषणांची सवय असते. 'हक्काचा दवाखाना, नाही कुणाच्या बापाचा' हे ऐकून कुणी दचकत नाही. चिठोरीला मात्र उत्तर द्यावं लागतं. तिच्यावर तारीख असते आणि अक्षर ओळखीचं असतं.

अशा सुनवायांमुळे बऱ्याच ठिकाणी बाहेरच्या चिठ्ठ्या कमी झाल्या, बाळंतपणाचे अडकलेले पैसे सुटले, बंद उपकेंद्रं उघडली. औषधसाठ्याचा फलक दवाखान्याच्या भिंतीवर लागला. आणि आश्वासनं कागदावर येऊ लागली. मागच्या सुनवाईचं इतिवृत्त पुढच्या सुनवाईत मोठ्याने वाचलं जायचं. "तीन महिन्यांत करतो" असं म्हटलेल्या साहेबांची बदली झाली, तरी वाक्य जागेवर राहायचं.

पण एक खटकणारी गोष्टही सांगायलाच हवी. त्या खुर्चीवर बसलेला डॉक्टर पुष्कळदा पंचविशी-सव्विशीतला, बंधपत्राची, म्हणजे शिक्षणानंतरची सक्तीची सरकारी सेवा भरायला आलेला पोरगा असतो. औषध आत का नव्हतं, याचं उत्तर त्याच्या हातात नसतं. त्याने मागणी पाठवलेली असते. खरेदी मुंबईत अडकलेली असते. मांडवात बोलणी तो खातो. आणि ही देखरेख चालायची सरकारच्याच निधीवर. निधी उशिरा आला की बैठका थंडावायच्या. ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच पैशाने चष्मा घ्यायचा, तर असं होणारच.

[दृश्य : औषधांचं गोदाम. खोक्यांच्या रांगा.]

म्हणून लढाई दवाखान्यावरून खरेदीवर गेली. महाराष्ट्रातले कार्यकर्ते वर्षानुवर्षं एकाच राज्याकडे बोट दाखवत आले, तामिळनाडू. तिथे 1994 साली औषध खरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ निघालं. औषधं जेनेरिक, म्हणजे कंपनीच्या नव्हे तर औषधाच्या मूळ नावाने, घाऊक, खुल्या निविदेने विकत घ्यायची आणि जिल्ह्याच्या गोदामात ठेवायची. गंमत पुढे आहे. प्रत्येक दवाखान्याला एक पासबुक. बँकेचं असतं तसंच. वर्षाला इतक्या रुपयांची औषधं तुमच्या नावावर जमा, लागेल तसं गोदामातून उचला, नोंद करा. जिथे रोगी जास्त तिथे औषध जास्त जाणार. मुंबईहून कुणीतरी अंदाजाने पाठवलेली खोकी पडून खराब होणार नाहीत. राजस्थानने 2 ऑक्टोबर 2011 पासून मोफत औषध योजना सुरू केली, तीही याच धर्तीवर. आपल्याकडे 2017 मध्ये खरेदी हाफकिन या राज्य सरकारच्याच लस-औषध महामंडळाकडे दिली, नंतर त्यांच्याकडून काढून 2023 मध्ये नवं प्राधिकरण केलं. पाट्या बदलत राहिल्या.

त्याच 2023 च्या ऑगस्टमध्ये राज्याने एक चांगला निर्णय घेतला. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत. महापालिकांची आणि वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं मात्र त्यातून बाहेर राहिली. ऑक्टोबर उजाडता उजाडता नांदेडच्या सरकारी रुग्णालयात 24 तासांत 24 माणसं दगावली, त्यांत 12 नवजात बाळं. औषधं नव्हती असं नातेवाइकांनी सांगितलं, रुग्णालयाने ते नाकारलं. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली.

[दृश्य : शहर. खासगी रुग्णालयाची काचेची भिंत, बिलाचा काउंटर.]

आता रस्त्याच्या पलीकडे जाऊ. सरकारी दवाखान्यात औषध नाही म्हणून माणूस खासगीत जातो. तिथे औषध असतं, पण दर किती, हे बिल हातात पडेपर्यंत कळत नाही. हॉटेलात चहा मागायच्या आधी भिंतीवरचा दर वाचता येतो. अतिदक्षता विभागात ती सोय नव्हती.

21 मे 2020 रोजी, कोरोनाच्या पहिल्या लाटेत, महाराष्ट्र सरकारने ती भिंत पहिल्यांदा रंगवली. खासगी रुग्णालयांतल्या 80 टक्के खाटांसाठी दर बांधले. साध्या वॉर्डात दिवसाला 4,000 रुपये, अतिदक्षता विभागात 7,500, व्हेंटिलेटर लागला तर 9,000. दर ठरवणं अशक्य आहे, असं इतकी वर्षं ऐकवलं जात होतं. संकट आल्यावर ते एका आदेशाने झालं.

आदेश झाला, तरी बिलं फुगायची थांबली नाहीत. पीपीई किटचे वेगळे, 'इतर'चे वेगळे. नवरा गेला आणि घरात बिल राहिलं, अशा बायका गावोगाव होत्या. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याचे कार्यकर्ते हेरंब कुलकर्णी यांनी कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीतून या बायकांना एकत्र केलं. जन आरोग्य अभियान आणि ही समिती मिळून बिलांचं लेखापरीक्षण मागू लागले. एकेक बिल घेऊन बसायचं, सरकारी दराशी ताडून पाहायचं, जास्तीच्या रकमेखाली रेघ मारायची, अर्ज लिहायचा. ज्या बाईने आयुष्यात बँकेची स्लिप भरली नव्हती, तिने 'प्रति दिन दर' या रकान्यावर बोट ठेवायला शिकून घेतलं. काहींना पैसे परत मिळाले. बरेच अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिले.

जानेवारी 2021 मध्ये राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याचे नियम बदलले. मूळ कायदा 1949 चा. नव्या नियमांनी रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी जागी लावणं खासगी रुग्णालयांना बंधनकारक केलं, तक्रार ऐकायला स्थानिक यंत्रणेवर जबाबदारी टाकली. सनदेची मुळं 2018 मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या 17 हक्कांच्या यादीत आहेत. बिल थकलं म्हणून रुग्णाला किंवा मृतदेहाला अडकवून ठेवता येणार नाही, हाही त्यातला एक.

आणि धर्मादाय रुग्णालयं. महाराष्ट्रात ती चारशेहून अधिक आहेत. उच्च न्यायालयाने 2006 मध्ये घालून दिलेल्या योजनेनुसार त्यांच्या 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत हव्यात. बिलांतल्या 2 टक्के रकमेचा वेगळा निधीही ठेवायचा असतो. हवं काय? तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा पिवळं रेशनकार्ड. पण काउंटरवर "खाट शिल्लक नाही" असं सांगितलं, की खरं-खोटं कसं करायचं? कार्यकर्ते म्हणाले, रोज किती खाटा रिकाम्या आहेत तेही भिंतीवर लिहा.

[दृश्य : पुन्हा आरोग्य केंद्र. दुपार. रांग सरली आहे.]

आम्ही चित्रीकरण आवरत होतो. देखरेख समितीच्या दोन बायका केसपेपरच्या खिडकीजवळच्या फळ्यापाशी उभ्या होत्या. एक वाचत होती, दुसरी वहीत उतरवून घेत होती. पॅरासिटामॉल, ओआरएस, लोहाच्या गोळ्या, सापाचं इंजेक्शन. प्रत्येकापुढे आकडा. वाचणारी शेवटच्या ओळीपाशी थांबली. फळ्यावरची तारीख मागच्या महिन्याची होती.

तिने दाराशी जाऊन आत डोकावलं.

"सिस्टर, खडू आहे का?"