तिसरा सिलिंडर

(दृश्य : नागपूर-हैदराबाद महामार्ग. जिनिंगकडे निघालेल्या कापसाच्या गाड्या. कडेला पत्र्याचं शेड, आत बॉनेट उघडलेली एक पांढरी गाडी.)

राष्ट्रीय महामार्ग ४४. पांढरकवड्याच्या आसपास रस्त्याच्या दोन्ही अंगांना पऱ्हाटीच पऱ्हाटी. डिसेंबर महिना, वेचणीचे दिवस. मिस्त्रींच्या शेडाबाहेर ट्रॅक्टर ताटकळलाय, कारण आत एका निवृत्त गुरुजींची गाडी आहे. पेट्रोलवरची, चार सिलिंडरची, २०१० च्या आधीची.

"उभी राह्यली का थरथरते न जी, मिस्त्री. चालतानी काही नाही."

या थरथरीवर आतापर्यंत बराच पैसा गेलाय. चारही प्लग नवे टाकून झाले. थ्रॉटल बॉडी साफ झाली. एअर फिल्टर बदलला. तो तसाही रुईच्या तुसांनी भरलेलाच होता. पंपावरच्या पेट्रोलला नावं ठेवून झाली, ती तर आपल्याकडे सगळ्यात आधी ठेवतात. शेवटी कुणीतरी सांगितलं, हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, खोलावं लागेल. तो खर्च ऐकला आणि गुरुजींनी गाडी इकडे वळवली.

(दृश्य : सायलेन्सरच्या तोंडाशी धरलेली वर्तमानपत्राची पट्टी.)

मिस्त्री अजून पान्याला हात लावत नाहीत. इंजिन चालू, रेस नाही. कागदाची पट्टी एका लयीत बाहेर फडफडायला हवी. ही फडफडते, मध्येच ढिली पडते, क्षणभर नळीकडे ओढलीही जाते आणि पुन्हा फडफडते.

"मिसिंग मारते, गुरुजी. एक सिलिंडर झोपला."

मग चालताना ते कळत कसं नाही? गणित सोपं आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. उभ्या गाडीचं इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे घेतं, म्हणजे एक सिलिंडर बंद असेल तर सेकंदाला सहा-सात वेळा जोर चुकतो. हा हिसका स्टेअरिंगला, सीटला, आरशाला लगेच जाणवतो. २५०० फेऱ्यांवर तोच जोर सेकंदाला वीसेक वेळा चुकतो, फ्लायव्हीलचा, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाचा, वेगही तो झाकून टाकतो, आणि अंगाला फरक कळत नाही. दम मात्र कमी झालेला असतो. गुरुजींना विचारलं तर आठवलं, हो, चढावर गिअर लवकर उतरवावा लागतो. आणि तो पिवळा इंजिनाचा दिवा? "तो तं कधीचाच लागून आहे."

मिस्त्रींच्या खिशात मोबाईलला जोडायचा छोटा स्कॅनर आहे, पण एवढ्या जुन्या गाडीशी त्याचं जमत नाही. उरले कान आणि हात.

(दृश्य : इंजिन चालू. सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या वायरची एकेक क्लिप निघते आणि पुन्हा बसते.)

पहिल्या सिलिंडरच्या इंजेक्टरची क्लिप काढली. इंजिन लगेच आणखी खाली बसलं, म्हणजे तो सिलिंडर काम करत होता. दुसऱ्यालाही तसंच. तिसऱ्याची काढली, काहीच नाही. आहे तीच थरथर. चौथ्याला पुन्हा इंजिन खाली.

काही जण हीच परीक्षा प्लगची वायर ओढून करतात. त्यात झटका बसतो तो बसतोच, शिवाय न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत जातं. इंजेक्टरची क्लिप काढली की पेट्रोलच थांबतं.

आता तिसऱ्यात नेमकं काय नाही? ठिणगी, पेट्रोल की कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब? हेड खोलायचा प्रश्न फक्त तिसऱ्या उत्तरात येतो, आणि तेही गेज लावून मोजल्यावर.

(दृश्य : फडक्यावर ओळीने मांडलेले चार प्लग.)

तीन प्लगांची टोकं फिकट तपकिरी. तिसऱ्याचा प्लग दुकानातून आत्ताच आणल्यासारखा, कोरडा ठणठणीत. नाकाशी धरला तर पेट्रोलचा वासही नाही. याच प्लगची ठिणगी पाहिली, निळी आणि कडक. ठिणगी आहे आणि प्लग ओला होत नाही, म्हणजे पेट्रोलच पोचत नाही.

मिस्त्री लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर टेकवतात आणि मूठ कानाला लावतात. पहिला टिकटिकतो. दुसरा टिकटिकतो. तिसऱ्यावर येतात, थांबतात, आणि गुरुजींना म्हणतात, "तुम्हीच ऐका जी." गुरुजी चष्मा सावरून वाकतात. तिथे टिकटिक नाही.

इंजेक्टर जाम झाला, नवा टाका, असं इथे म्हणता आलं असतं. मिस्त्री आधी क्लिपमध्ये टेस्टर घालतात. एका टोकाला बारा व्होल्ट येतात. दुसऱ्या टोकाने इंजिनाच्या कॉम्प्युटरकडून इशारा यायला हवा, टेस्टरचा दिवा लुकलुकायला हवा. तो लुकलुकत नाही. मग वायरिंगचा जुडगा बोटांनी चाचपत मॅनिफोल्डच्या खाली.

(दृश्य : बॅटरीच्या उजेडात कुरतडलेली वायर. आसपास कापसाचा बोळा, लेंड्या.)

उंदीर. वायरचं कवच खाल्लेलं, आतलं तांबं हिरवं पडून तुटलेलं. शेजारी मऊ कापसाचं घरटं. गुरुजींच्या छपरीत यंदाचा कापूस रचलाय आणि त्याला लागूनच गाडी उभी असते. कापूस घरातला, ऊब इंजिनाची, उंदराला आणखी काय पाहिजे?

हिरवं पडलेलं तांबं कापून टाकलं, त्याच जाडीची वायर जोडून डाग दिला आणि वर आवळून बसणारी नळी चढवली. नुसता पीळ देऊन काळी टेप गुंडाळणारे पुष्कळ आहेत. इथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यात इंजिनाची आग. टेपचा गोंद वितळतो आणि पावसाळ्यात जोडात ओल शिरते.

चावी फिरली. कागदाची पट्टी आता एकसारखी फडफडतेय. आता ॲव्हरेजही सुधारेल, असं मिस्त्री म्हणतात. बंद सिलिंडरमधून न वापरलेली हवा बाहेर यायची, धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरला वाटायचं पेट्रोल कमी पडतंय, आणि कॉम्प्युटर बाकीच्या तिघांना जास्त पाजायचा.

एसी लावल्यावर मात्र किंचित हादरा उरलाच. मिस्त्रींनी पहारीने इंजिन जरासं उचलून दाखवलं, इंजिन ज्यावर बसतं त्या उजवीकडच्या माउंटचं रबर चिरलंय. ते इथे मिळत नाही, यवतमाळहून मागवावं लागेल.

"एवढ्या थंडीत एसी कोण लावते जी?" म्हणत गुरुजी पाकीट काढतात. "मार्चमध्ये टाकू माउंट."

"टाकू. पण गाडी आज रात्री कापसापासून दूर लावा."