गोदाकाठची पांढरी माती आणि नाशिकचे पुरातत्त्व

श्रोतेहो, नाशिकच्या प्राचीनत्वाचा विषय निघाला की आपले बोट आपोआप पांडवलेण्यांकडे जाते, आणि ते वावगेही नाही. तिथल्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने एका कायम ठेवीचा हिशेब कोरून ठेवला आहे. गोवर्धन, म्हणजे आपल्या आजच्या गोवर्धनच्या परिसरातील, विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यवसाय-संघाकडे, त्याने २,००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, दरमहा शेकडा एक या व्याजाने ठेवले आणि दुसऱ्या श्रेणीकडे १,००० कार्षापण शेकडा पाऊण दराने. पहिल्या ठेवीचे व्याज वर्षाला २४० कार्षापण होते आणि लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्याच्या मुक्कामाला, राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२ द्यायचे आहेत. वजाबाकी करून पाहा, एक कार्षापणही उरत नाही. सहकारी बँकांच्या या जिल्ह्याला हा लेख शाळेतच वाचायला द्यावा, असे मला नेहमी वाटते.

मात्र आज मला बोलायचे आहे ते खाली नदीकाठी असलेल्या मातीबद्दल. लेणी बेसॉल्टमध्ये कोरलेली आहेत, त्यांवर संरक्षित स्मारकाचा फलक आहे आणि पायऱ्या चढून येणारे पर्यटक आहेत. नाशिकच्या इतिहासाचा त्याहून कितीतरी जुना भाग मात्र गोदावरीच्या गाळात, वाळू-गोट्यांच्या थरांत आणि जुन्या वस्तीच्या पांढऱ्या मातीत आहे, आणि या मातीला कुणी वाली नाही.

गंगापूरजवळ गोदावरीच्या काठावर, गोट्यांच्या घट्ट बसलेल्या थरात पुराश्मयुगातील दगडी हत्यारे मिळाली. डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकलिया यांनी ती अभ्यासली. काळ्या पाषाणाच्या हातकुऱ्हाडी आणि फरश्या हातात घेतल्या तर दोन्ही बाजूंनी छिलके काढून आणलेली धार आजही बोटाला जाणवते. पण अशी हातकुऱ्हाड काठावर सुटी पडलेली मिळाली तर तिच्याविषयी फारसे बोलता येत नाही. ती कोणत्या थरात होती, त्या थराच्या खाली आणि वर काय होते, हे कळले तरच तिचा काळ ठरवण्याच्या दिशेने पाऊल टाकता येते.

शहरातल्या गढीचे, म्हणजे गोदाकाठच्या जुन्या वस्तीच्या मातीच्या टेकाडाचेही तसेच आहे. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये नाशिक आणि प्रवराकाठचे जोर्वे येथे उत्खनन केले आणि त्याचा अहवाल १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. गढीत तळाशी ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबे आणि दगड दोन्हींची हत्यारे वापरणाऱ्या लोकांच्या, वस्तीची खापरे आणि गारगोटीची बारीक पाती, त्यावर सातवाहनकालीन थर आणि सगळ्यात वर मुसलमानी व मराठा अमदानीचे अवशेष, असा क्रम हाती आला. दख्खनच्या पहिल्या शेतकऱ्यांचा इतिहास ज्या मोजक्या ठिकाणांवरून उलगडू लागला, त्यांत आपली गढी आहे, हे गढीखालच्या रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्या किती नाशिककरांना ठाऊक असेल?

पावसाळ्यात ही गढी ढासळते. वर राहणाऱ्या कुटुंबांच्या जिवाचा प्रश्न आधी, याबद्दल दुमत असू नये. संरक्षक भिंत हवीच. पण भिंत उभी राहिली की तिच्यामागचा माती-थरांचा उभा छेद कायमचा झाकला जातो. म्हणून भिंतीच्या कामाआधी तो छेद साफ करून, मोजून, त्याचे रेखाचित्र आणि छायाचित्रे घेऊन, राखेचे व मातीचे नमुने काढून ठेवायला हवेत. एवढ्याने काम फारसे रखडणार नाही.

कायदे आहेत. १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे आणि पुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. पण स्मारक म्हणून जे जाहीरच झाले नाही, त्याच्याभोवती ही अंतरे मोजणार कशी? १८७८ चा निखात निधी कायदा तर दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ऐवज जमिनीत सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवा, असे सांगतो. खापराच्या तुकड्याला बाजारात दहा रुपये कोण देणार! पांढरीची माती मात्र विकली जाते, कारण ती शेताला खत म्हणून चांगली, आणि ट्रॅक्टरच्या एकेका खेपेबरोबर वस्तीचा एकेक थर वावरात पसरला जातो.

दर बारा वर्षांनी सिंहस्थ येतो आणि घाट, रस्ते, गटारे यांची कामे निघतात. ती होणारच. माझी मागणी एवढीच, की काठावरच्या प्रत्येक खोदकामाच्या निविदेत पुरातत्त्वाच्या जाणकाराने चर पाहून नोंद करण्याची अट असावी आणि त्याचा खर्च कामाच्या अंदाजपत्रकातच धरावा. पोकलेन एका दुपारीत जेवढी माती उचलते, तेवढी आम्ही उत्खनन करणारे एका हंगामात खोदत नाही. तेव्हा पाहायचे ते यंत्र येण्याआधीच पाहिले पाहिजे. आणि आपल्यापैकी कुणाला पायाच्या खड्ड्यात रंगीत खापर किंवा घडवलेला दगड दिसला, तर तो उचलून घरी नेऊ नये. जागेवरच त्याचे छायाचित्र घ्यावे, जमिनीपासूनची खोली टेपने मोजून लिहून ठेवावी आणि पुरातत्त्व खात्याला त्याच दिवशी कळवावे.