घागरीचा ठेका

(तांबट गल्ली, सकाळ. सुरुवातीचे चौदा सेकंद निवेदन नाही. फक्त हातोडीचा मूळ आवाज.)

जुन्या नाशकात वाढलेल्या माणसाला या आवाजाची ओळख करून द्यावी लागत नाही. तांब्याची घागर लोखंडी आधारावर फिरवत फिरवत मठारली जात आहे. ठोके बसतात तसा पत्रा कठीण होत जातो, म्हणून तो मधूनमधून तापवून मऊ करावा लागतो, आणि प्रत्येक तापवणीनंतर घागरीचा नाद किंचित बदलतो. हातोडी चालवणारे हात आता थोडे उरले आहेत. ते का कमी झाले, हा मोठा विषय आहे आणि या चित्रफितीत तो मावणार नाही.

भिंतीला टेकून, कानांवर हेडफोन लावून आणि हातात तळहाताएवढा रेकॉर्डर धरून उभा असलेला मुलगा वाणिज्य शाखेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तो गाणी लिहितो, त्यांना चाली लावतो आणि त्यांचे ध्वनिमुद्रण, संयोजन व मिश्रण राहत्या घरातल्या एका खोलीत स्वतःच करतो. रेकॉर्डरच्या पडद्यावर हलणाऱ्या रेषेकडे तो इतक्या बारकाईने का पाहतो आहे, हे सांगायला हवे. हातोडीचा ठोका क्षणार्धात टोकाला पोहोचतो. पातळी थोडी जास्त राहिली तर ध्वनीचे टोक कापले जाते आणि ते पुन्हा जोडता येत नाही. या मापात शून्य डेसिबल म्हणजे टोक कापले जाण्याची हद्द, म्हणून सर्वांत जोरकस ठोकाही उणे १२ डेसिबलच्या खाली राहील, अशी पातळी त्याने ठेवली आहे. पहिल्या दिवशी हे भान नव्हते, आणि त्या दिवसाचे चाळीस मिनिटांचे मुद्रण वाया गेले.

(खोली. दोरीवर टांगलेल्या गोधड्या, टेबलावर लॅपटॉप.)

गोधड्या वाळत घातलेल्या नाहीत. उघड्या भिंतींवरून आवाज परत येतो आणि गाणाऱ्याच्या आवाजाला न्हाणीघराचा घुमारा चढतो. तो अडवण्यासाठी मायक्रोफोनच्या मागे आणि दोन्ही बाजूंना जाड गोधड्या बांधल्या आहेत. महागड्या स्टुडिओत याच कामासाठी फोम आणि खनिज लोकर बसवतात. कंडेन्सर मायक्रोफोनला लागणारी ४८ व्होल्टची वीज टेबलावरच्या छोट्या ऑडिओ इंटरफेसमधून, म्हणजे मायक्रोफोन लॅपटॉपला जोडणाऱ्या पेटीतून, मिळते. पंखा बंद आहे, मे महिना आहे, आणि गायकाच्या शर्टाकडे पाहिले की बाकीचे कळते.

आता पडद्यावर दिसणाऱ्या उभ्या रेघा पाहा. त्या तालाच्या मात्रा आहेत, आणि खालची टोके हे घागरीचे ठोके. दोन्ही जुळत नाहीत. हातोडी मिनिटाला साधारण ९६ च्या गतीने पडते, पण घागर हाताने फिरवताना गती नव्वदीपर्यंत उतरते आणि पुन्हा चढते. ध्वनिमुद्रणाच्या आज्ञावलीत, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये, एक सोय असते, जी प्रत्येक ठोका उचलून जवळच्या रेघेवर बसवते. त्याने ती वापरून पाहिली. ठोके रेघेवर बसले आणि घागर पत्र्याच्या डब्यासारखी वाजू लागली. मग त्याने उलटा मार्ग धरला: ठोके जिथे होते तिथेच ठेवले आणि प्रत्येक ठोक्यापाशी गाण्याचीच गती थोडी थोडी वाकवली. चार मिनिटांच्या गाण्यासाठी अशा साडेतीनशेहून अधिक खुणा त्याने हाताने केल्या. ‘संगणकच तर सगळे करतो’ असे म्हणणाऱ्यांनी एवढा भाग तरी न कंटाळता पाहावा.

दुसरी अडचण सुराची होती. ही घागर काळी एक आणि पांढरी दोन यांच्या जवळजवळ मधोमध बोलते, आणि पेटीवर त्या दोन पट्ट्यांच्या मध्ये काहीच नसते. तानपुऱ्याची तार हवी तिथे लावता येते, आज्ञावलीतली वाद्येही सेंटच्या मापाने वर-खाली सरकवता येतात. एका अर्ध्या स्वराचे शंभर सेंट होतात. त्याने सगळे गाणे काळी एकपासून ४५ सेंट वर नेले. पेटी वगळावी लागली, आणि पेटी शिकूनच या मुलाचे संगीत सुरू झालेले असल्याने तो निर्णय त्याला सोपा गेला नाही.

(वहीचे पान, अगदी जवळून.)

शब्द लिहिले गेले तेव्हा कॅमेरा तिथे नव्हता, पण वही आहे. डावीकडे चाल स्वरलिपीत उतरवलेली दिसते. लिहिलेल्या सुरांवरून संगीत शिकवण्याची पद्धत रूढ करण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, त्या पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि आयुष्याच्या उत्तरार्धात नाशकात, पंचवटीत, रामनाम आधार आश्रम उभारला. या वहीतल्या खुणांचे नाते त्याच परंपरेशी आहे.

उजवीकडे ध्रुवपदाची ओळ आहे: ‘भरशील केव्हा घागर माझी’. चाल सोळा मात्रांची आणि ओळ सतरांची. ‘केव्हा’, ‘घागर’, ‘माझी’ हे शब्द चार-चार मात्रांचे आहेत, पण ‘भरशील’च्या पाच होतात. गाताना ‘भर’पाशी सूर थांबायचा आणि पुढे ‘शील केव्हा’ असे काहीतरी भलतेच ऐकू यायचे. थांबा असा शब्दाच्या मध्येच पडला की त्याला यतिभंग म्हणतात, हे त्याला त्याच्या गाण्याच्या बाईंकडून हसत हसत कळले. ‘भरेल’ लिहिले असते तर मात्रा जुळल्या असत्या, पण मग ओळ कुणाला उद्देशून राहिली नसती. पानावर तीन शब्द खोडलेले दिसतात आणि त्यांच्याखाली पहिलाच शब्द पुन्हा लिहिलेला आहे, फक्त वेलांटी पहिली: ‘भरशिल’. वृत्तासाठी दीर्घाचा ऱ्हस्व करण्याची सूट मराठी कवी पूर्वापार घेत आले आहेत. शुद्धलेखनाच्या परीक्षेत मात्र याचा अर्धा गुण गेला असता.

मिश्रण अकरा रात्री चालले. गाणे महाविद्यालयाच्या कार्यक्रमात वाजले, काही मित्रांच्या फोनवर गेले, आणि त्या सत्रातला लेखाशास्त्राचा पेपर राहिला.

(पुन्हा तांबट गल्ली, दुपार.)

ज्यांची हातोडी या गाण्यात आहे ते काका आता हेडफोन लावून गाणे ऐकत आहेत. हेडफोन त्यांना सैल होतो, म्हणून तो एका हाताने धरला आहे. तिसऱ्या मिनिटाला ते बोट वर करतात. “हा ठोका चुकला होता माझा. तो कशाला ठेवलास, बाळा?”

मुलगा काय म्हणाला ते रस्त्यावरच्या भोंग्यात बुडाले आहे. त्याच संध्याकाळी त्याने फाइल पुन्हा उघडली. पडद्यावर ती जागा दिसते आहे, आणि कर्सर त्या ठोक्याच्या अलीकडे उभा आहे.

(निवेदन नाही. गाणे तिथून शेवटपर्यंत.)