कोंदण किती चमकवायचं?

जर्मन संगीतकार ब्राम्सच्या पाचव्या हंगेरियन नृत्याची धून तुम्ही ऐकलेली आहे. नाव ठाऊक नसेल, पण सुरू झाली की मान डोलेल. 1869 साली त्यानं ही नृत्यं एका पियानोवर चार हातांसाठी छापली आणि ऑपस क्रमांक, म्हणजे स्वतःच्या रचनांना देतात तो अनुक्रमांक, दिला नाही. लोकांच्या धुना, मी फक्त मांडल्या, असा त्याचा भाव. गंमत अशी, की पाचवी धून लोकांची नव्हतीच. बेला केलर नावाच्या संगीतकाराचा तो छापील चार्दाश (हंगेरियन नाच) होता, आणि ब्राम्स तो लोकधून समजून बसला! चेक संगीतकार द्वोर्झाकनं हा घोळच टाळला. स्लाव्ह नृत्यांत चाल लोकांची घेतली नाही, नाचाचा ठेका तेवढा घेतला.

हंगेरियन संगीतकार बेला बार्टोकला मात्र मूळ धूनच हवी होती. तेव्हा हंगेरीत असलेल्या ट्रान्सिल्व्हेनियात तो फोनोग्राफ, म्हणजे ध्वनिमुद्रणाचं यंत्र, घेऊन हिंडला. मेणाच्या एका नळीवर जेमतेम दोनेक मिनिटं मावायची. समोर गावातला फिडलवाला (व्हायोलिनवाला), नाहीतर बासरीवाला मेंढपाळ. त्यातून 1915 मध्ये पियानोसाठी 'रुमानियन लोकनृत्यं' झाली आणि 1917 मध्ये छोट्या वाद्यवृंदासाठी. सहाच नृत्यं. काठीचा नाच, कंबरपट्ट्याचा नाच, असं करत पाच-सहा मिनिटांत सगळा खेळ संपतो.

मला थांबायचंय ते तिसऱ्यापाशी. 'पे लोक', म्हणजे जागच्या जागी. पाय जागेवर आणि सूरही इनमीन चार-पाच. कोमल गंधारावरून थेट तीव्र मध्यम. मला तर दर वेळी मधुवंतीच आठवते. (राग शोधू नका हं, तिथे तो नाही.) डाव्या हाताला षड्ज-पंचम, आपण तानपुरा लावून बसावं तसा. कॉर्ड्सची आतषबाजी करायला इथे भरपूर वाव होता. बार्टोकनं ती केली नाही. वाद्यवृंदात हीच धून त्यानं पिकोलोला, म्हणजे छोट्या बासरीला दिली, म्हणजे मेंढपाळाची बासरी पुन्हा बासरीच्याच घरात आली.

पुढे त्यानं लिहून ठेवलंय, की लोकधून हे रत्न आणि साथ हे कोंदण. आता आपल्याकडे सोनाराला विचारा. कोंदण फार झळकलं की खड्याकडे कुणी बघत नाही. ब्राम्सचं कोंदण झळकतं, आणि मला ते आवडतंही, खोटं कशाला बोलू? पण त्यात फिडलवाला दिसत नाही.

बार्टोकच्या या नृत्यांच्या शीर्षकात आधी 'हंगेरीतली' असा शब्द होता. पहिल्या महायुद्धानंतर ट्रान्सिल्व्हेनिया रुमानियात गेला, तेव्हा तो गळाला. धुना जिथल्या तिथेच होत्या.

बरं, आता बार्टोकचं पाचवं नृत्य वाजवतो. नाव पोल्का, म्हणजे एरवी दोन मात्रांचा नाच, पण इथे तीन मात्रा आणि दोन मात्रा सरमिसळ येतात. टाळी धरून बघा. चुकलात तर हसू नका, मागच्या वेळी मीच चुकलो होतो.