हा कण कुणाचा?

[दृश्य: बर्फाच्छादित डोंगर, तारेवरून वर सरकणारा छोटा पाळणा]

नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातील न्यू-ऑलेसुंद हे गाव उत्तर ध्रुवापासून सुमारे १,२०० किलोमीटरवर आहे. १९६२ साली येथील कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन २१ कामगार मृत्युमुखी पडले आणि खाण कायमची बंद झाली. ज्या गावाने वर्षानुवर्षे कोळसा उपसला, त्याच गावाच्या माथ्यावर, झेपेलिन पर्वतावरील वेधशाळेत, आज हवेतील काजळी मोजली जाते. खाली गावात भारताचे ‘हिमाद्री’ संशोधन स्थानक आहे. २००८ पासून चालू असलेल्या या स्थानकाचा कारभार गोव्यातील वास्को येथून राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र पाहते, आणि भारतीय शास्त्रज्ञांनीही येथे काजळीच्या नोंदी घेतल्या आहेत.

ध्रुवावरची हवा म्हणजे निखळ हवा, हा समज १९५०च्या दशकातच डळमळला. अलास्काच्या उत्तरेला हवामानाच्या पाहणीसाठी उडणाऱ्या अमेरिकी विमानांतून, जिथे ना कारखाना ना रस्ता अशा बर्फावर, धुरक्याचे पट्टे दिसू लागले. मरे मिचेल या हवामानतज्ज्ञाने त्यांचे वर्णन केले, आणि १९७०च्या दशकात रासायनिक तपासणी झाल्यावर त्यांत सल्फेट (गंधकाचे संयुग), काजळी आणि खनिज तेल जाळल्यावर सुटणारे व्हॅनेडियम हे धातुरूप मूलद्रव्य सापडले. हा माल मुख्यतः युरोप आणि रशियातील धातुशुद्धीकरण कारखान्यांतून व वीजकेंद्रांतून आलेला होता. हिवाळ्यात जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड राहते, त्यामुळे ती वर उचलली जात नाही. पाऊस आणि हिमवृष्टीही कमी असल्याने हवा धुतली जात नाही, आणि दक्षिणेकडून आलेले कण आठवडेच्या आठवडे तरंगत राहून वसंताच्या सुरुवातीला सर्वाधिक साचतात.

[दृश्य: फुटलेले सागरी बर्फ, कड्यावर पक्ष्यांची वसाहत]

उन्हाळ्यात मात्र तेच सल्फेट दुसऱ्याच दाराने येते. बर्फ वितळून समुद्र उघडा पडला की वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, वाढतात, आणि त्यांच्यापासून डायमिथाइल सल्फाइड नावाचा वायू सुटतो. समुद्रकिनाऱ्याच्या ओळखीच्या वासात याचाही वाटा असतो. हवेत त्याचे ऑक्सिडीकरण होऊन सल्फ्युरिक आम्ल बनते, आणि कड्यांवरील समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेतून उठणारा अमोनिया या आम्लाशी जुळून नवे कण जन्माला घालतो. ढगाच्या थेंबाला बसायला असे बीज लागते. म्हणजे पक्ष्यांची घाण आणि आर्क्टिकचे ढग यांचा संबंध आहे, हे विधान चेष्टेचे वाटले तरी खरे आहे.

मग कारखान्याचे सल्फेट आणि समुद्राचे सल्फेट वेगळे ओळखायचे कसे? डायमिथाइल सल्फाइडपासून मिथेनसल्फोनिक आम्लही तयार होते आणि ते कारखान्याच्या धुरात येत नाही, त्यामुळे कणांतील त्याचे प्रमाण समुद्राचा वाटा सांगते. समुद्री मिठाचा माग सोडियमवरून लागतो, तर उघड्या पडलेल्या हिमनदीकाठच्या धुळीचा माग ॲल्युमिनियमसारख्या मूलद्रव्यांवरून.

[दृश्य: बर्फगाभ्याचा दंडगोल]

दक्षिण ध्रुवाकडे हीच पद्धत शिशाला लावली, तेव्हा निघालेले उत्तर चकित करणारे होते. अंटार्क्टिकाच्या बर्फगाभ्यांत, म्हणजे बर्फात खोल छिद्र पाडून काढलेल्या दंडगोलांत, औद्योगिक शिसे १८८९ पासून दिसते, आणि त्याच्या समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचे) प्रमाण ऑस्ट्रेलियातील ब्रोकन हिलच्या खाणींतील खनिजाशी जुळते. दक्षिण ध्रुवावर पोहोचणारा पहिला माणूस, अमुंडसेन, तिथे पोहोचला १९११ मध्ये. माणूस ध्रुवावर पोहोचण्याआधी बावीस वर्षे त्याचा धूर त्या खंडावर उतरलेला होता.

सगळेच कण असे सरळ कबूल होत नाहीत. २००६च्या वसंतात पूर्व युरोपातील शेतकऱ्यांनी शेते जाळली, तो धूर स्वालबार्डपर्यंत आला आणि झेपेलिनवरच्या नोंदींनी उच्चांक गाठला. ही आग उघडच माणसाची होती. पण सायबेरियातील वणव्याची काजळी बर्फावर पडून त्याचा पांढरेपणा घटवते, तेव्हा ठिणगी विजेची असली तरी जंगल कोरडे पडायला तापलेली हवा कारणीभूत असते. ती काजळी नैसर्गिक म्हणायची की मानवनिर्मित, हे हवेतील कण पकडणाऱ्या गाळणीवरच्या काळ्या डागाकडे पाहून सांगता येत नाही.